सत्काराखाली गेलेला पाइप

निवृत्ती टिकार यांना या सत्कारातून तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, जिल्हा परिषदेचं तिकीट. दुसरी, ते सचिव असलेल्या संस्थेच्या शाळेला अकरावी-बारावी विज्ञानाची तुकडी. ज्या शाळेच्या आवारात शास्त्रज्ञाच्या नावाचा पक्का रंगमंच आहे तिला नाही म्हणताना वरच्यांची जीभ जरा तरी अडखळली असती. तिसरी गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, म्हणून ती सगळ्या गावाला ठाऊक होती. चोवीस वर्षांपूर्वी ते सावरखेडीत घरजावई म्हणून आले. पुढे सरपंच झाले, सचिव झाले, केस पिकले, तरी गाव त्यांना अजून 'उकंडरावचा जावई' म्हणूनच ओळखत होतं. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या हातानं शाल पांघरली की आपलं नाव सासऱ्याच्या नावामागून निघून जरा पुढे येईल, असा त्यांचा अंदाज होता.

आणि त्यासाठी पदरचं घालायचं काय होतं? फारसं काही नाही. सत्कारमूर्ती गावचाच होता, वय एक्क्याऐंशी, कशालाही नाही म्हणण्याइतकं बळ न उरलेला. डॉक्टर तुळशीराम अवचार. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत; गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी अजूनही आशा सोडलेली नाही आणि दिसले की नाडी पुढे करतात, ती गोष्ट वेगळी. चौतीस वर्षं त्यांनी मुंबईत अणुसंशोधनात काढली. गावाची समजूत अशी की बॉम्ब त्यांनीच केला. डॉक्टरांनी आयुष्यभर केलं ते एवढंच, की जमिनीतल्या पाण्याचं वय काढलं.

"तुळश्या," उकंडराव एकदा पारावर म्हणाले होते. दोघं चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिणारे. "बाम असता तं दिसला तरी असता. पान्याचं वय काढून काय त्याचं लगन जमोतं?"

डॉक्टर हसले होते. सांगून थकलेला माणूस हसतो तसे.

सांगायचं ते सोपं होतं, आणि त्यांनी ते गावागावात जाऊन सांगितलं होतं. पावसाच्या ताज्या पाण्यात एक बारीक किरणोत्सारी खूण असते. पाणी जमिनीत मुरलं की ती खूण बारा-बारा वर्षांनी निम्मी होत जाते, शेवटी पुसली जाते. आपल्या खारपाण पट्ट्यातलं खोलवरचं पाणी खारट आहे आणि त्यात ही खूण नाही. म्हणजे ते फार जुनं आहे, नवा पाऊस तिथवर पोचतच नाही. सातपुड्याच्या पायथ्याला नाल्यांवर योग्य जागी बांध घातले, तर गोडं पाणी मुरून खाली गावांकडे येईल. येतं की नाही हे कसं कळणार? गावातल्या पाण्यात खूण दिसायला लागली की कळणार. त्यासाठी नोकरी संपल्यावर डॉक्टरांनी सावरखेडीच्या शाळेच्या आवारात, उत्तरेच्या कोपऱ्यात, एक चार इंची लोखंडी पाइप खोल उतरवला आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातलं पाणी बाटलीत भरून मुंबईला आपल्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवायला सुरुवात केली.

याला एकोणीस वर्षं झाली. पहिली अठरा वर्षं उत्तर एकच येत होतं: खूण नाही. पाच वर्षांपूर्वी गावाच्या वर अर्ध्या कोसावर पहिला बांध झाला, आणि गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा उत्तर बदललं. खूण आहे. अगदी पुसट, पण आहे. पाणी खात्याचं पत्र आलं: जानेवारी ते डिसेंबर अशा पूर्ण एका वर्षाच्या सलग नोंदी द्या, मग वरच्या सात गावांच्या बांधांचा प्रस्ताव पुढे पाठवतो. दहा महिन्यांच्या नोंदी झाल्या होत्या. नोव्हेंबर आणि डिसेंबर तेवढे उरले होते.

आता त्या बाटल्या कोण भरत होतं ते सांगायला हवं, कारण डॉक्टरांच्या निबंधात ते सापडत नाही. निबंधात असं असतं: 'नमुने घेण्यात आले.'

ते घेणारी जनकाबाई. शाळेत खिचडी शिजवायची. तिचा नवरा एक्केचाळिसाव्या वर्षी किडनीनं गेला, त्याच वर्षी डॉक्टर पाइप रोवायला आले. "काका, ह्या पान्यानंच गेले काय ते?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही." इतक्या वर्षांत खरं उत्तर देणारा तिला भेटलेला तो पहिला सुशिक्षित माणूस, म्हणून ती कामाला उभी राहिली. डॉक्टर दर खेपेला तिच्या हातावर काहीतरी ठेवत. ती ते मोजत नसे.

काम असं होतं. पाइपात महिनाभर साचलेलं पाणी खोटं बोलतं, ते आधी काढून टाकायचं. खामगावच्या एका टिनवाल्याकडून करून घेतलेला लांबट, निमुळता डबा दोरानं खाली सोडायचा, भरला की ओढायचा, ओतून द्यायचा. असे शंभर डबे. एकशे एकव्या डब्याचं पाणी बाटलीत, तेही काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा राहायला नको. मग झाकण, पट्टी, तारीख. टाळेबंदीच्या साली डॉक्टर सात महिने येऊ शकले नाहीत, तेव्हा सात बाटल्या तिच्या खाटेखाली ओळीनं उभ्या होत्या आणि नात छकुली त्यांना हात लावला म्हणून मार खात होती. ऑक्टोबर धरून दोनशे सत्तावीस बाटल्या झाल्या. डबे किती होतात ते ज्याचं त्यानं गुणून पाहावं. जनकाबाईचा उजवा खांदा तीन वर्षांपासून कानाच्या वर जात नव्हता.

निवृत्तींना यातलं काय ठाऊक होतं? 'डॉक्टर शाळेतून पाणी नेतात' एवढं. शाळेत हापशी आहे. म्हणजे हापशीचंच नेत असतील. एक तारखेला सकाळी शाळेकडे फिरकावं असं त्यांना एकोणीस वर्षांत एकदाही वाटलं नाही, आणि का वाटावं? ज्याचा सत्कार करायचा त्याचं काम पाहिलंच पाहिजे असा आपल्याकडे रिवाज नाही.

तारीखसुद्धा त्यांनी हिशेबानं धरली. एक नोव्हेंबर. डॉक्टर आता खामगावला राहत, त्या दिवशी तिथून येणारच. म्हणजे गाडी पाठवायला नको आणि दुसरा दिवस सुचवायची संधीही द्यायला नको. दिवाळीची सुटी, आवार मोकळं. सत्कारासाठी बांधायच्या रंगमंचाची जागा उत्तरेच्या कोपऱ्यातली, कारण तिथं दुपारी सावली येते.

गोपाल मिस्त्रीनं पाया आखला तर मधोमध हा पाइप.

"भाऊ, हा पाइप काय करू?"

"कायचा हाय तो?"

"काय माहीत. जुना बोअर दिसते."

आता त्या दिवसांत कुठेतरी उघड्या बोअरमध्ये पोर पडल्याची बातमी होती आणि गावोगाव पडीक बोअर बुजवून फोटो पाठवायचा आदेश निघालेला होता. सावरखेडीचा एकही फोटो गेलेला नव्हता, कारण पडीक बोअर कोणी दाखवतच नव्हतं. निवृत्तींना एका दगडात दोन पक्षी दिसले. पाइप जमिनीबरोबर कापला, आत पंधरा-वीस घमेली खडी ढकलली, वरून काँक्रीट ओतलं, हापशीचं पाणी मारलं. बुजवण्याआधीचा एक फोटो, नंतरचा एक. जनकाबाई तेव्हा भाऊबिजेला माहेरी गेलेली. विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी विचारलं नसतं.

एक तारखेला सकाळी सात वाजता जनकाबाई डबा आणि दोर घेऊन आली. कोपऱ्यात पाइप नव्हता. गुडघ्याएवढा उंच गुळगुळीत रंगमंच होता, मागच्या भिंतीवर तीन लंबगोलांचं अणूचं चित्र, आणि संगमरवरी पाटी: 'अणुशास्त्रज्ञ डॉ. तुळशीराम अवचार विज्ञान रंगमंच'. ती बराच वेळ उभी राहिली. मग पायऱ्या चढून वर गेली आणि जिथं पाइप असायला हवा होता तिथं बसली. जागा तिला बरोबर सापडली. पाय सांगतात.

निवृत्ती खुर्च्यांचा ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा ती तिथंच होती.

"काय व जनका, ऊठ. फरशी पुसली हाय आताच."

"भाऊ, पाइप कुठी गेला?"

"कोनता पाइप?"

"काकाचा."

निवृत्ती हुशार माणूस. दोन प्रश्नांतच त्यांना सगळं कळलं. आणि कळल्यावर त्यांनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. खुर्च्या उतरवणाऱ्या पोरांना त्यांनी लांब पाठवलं.

"एकोनीस वर्सं तू इथी पानी काढून राह्यली, अन् मले एकदा सांगतलं नाई?"

"तुमी कधी इचारलं?"

"बरं. आता आयक. आज चार वाजता पाणी खात्याचे साहेब येऊन राह्यले, पक्षाचे लोकं येऊन राह्यले. आज हा इषय काढाचा नाई. कोनी इचारलंच, तं पाइप कोरडा होता म्हनजो. कईचा मेलेला होता. समजलं?"

जनकाबाईनं दोराचं वेटोळं मांडीवर घेतलं.

"दुसऱ्या सत्राची यादी व्हायची हाय अजून," निवृत्ती तिच्याकडे न पाहता म्हणाले. "सोजराबाईचा अर्ज हाय खिचडीसाठी. मी ठेवला हाय बाजूले. मी तसा मानूस नोहो. पन तू बी समजून घे."

नऊच्या एसटीनं डॉक्टर आले. खांद्याला पिशवी, पिशवीत रिकामी बाटली. त्यांनी रंगमंच पाहिला, पाटीवरचं आपलं नाव पाहिलं, जनकाबाईकडे पाहिलं. तिनं पायानं जागा दाखवली. डॉक्टर तिच्या शेजारी पायरीवर टेकले. त्यांच्या वयाला राग लगेच येत नाही; आधी बसायला लागतं.

"खडी टाकली का?"

"वीस घमेले म्हनते गोपाल. वरून पानी बी मारलं."

"कोणतं पाणी?"

"हापशीचं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. खडीपेक्षा हे वाईट होतं. वरचं ताजं पाणी खाली गेलं असेल तर खूण कोणाची हेच कळणार नाही.

निवृत्ती चहा घेऊन आले. पाया पडले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना डॉक्टरांबद्दल आदर होताच, फक्त तो नेमका कशाबद्दल हे त्यांना सांगता आलं नसतं.

"काका, चूक झाली. कबूल. पन आता जिवंत मानसाच्या नावाचा रंगमंच, पूजा झालेला, तुमच्या सत्काराच्याच दिवशी फोडाचा? लोकं काय म्हनतीन? अपशकुन होते. जानेवारीत निवडणुका होऊन जाऊ द्या, मंग मी स्वतः फोडून देतो."

"निवृत्तीराव, डिसेंबरात नोंदी संपतात."

"तं पुढच्या वर्सी घ्या नोंदी. पानी कुठी पयून जाते?"

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. पुढच्या वर्षी म्हणजे परत एक जानेवारीपासून, बारा महिने, वय ब्याऐंशी. पाणी पळून जात नव्हतं. पण बाकीच्यांचं काही सांगता येत नव्हतं.

"जनका, काय करू मी?" निवृत्ती गेल्यावर त्यांनी विचारलं. "सभेत सांगू का? आज नाही सांगितलं तर हे फोडत नाहीत."

सकाळचं यादीचं बोलणं जनकाबाईनं त्यांना सांगितलं नाही. "मले कायले इचारता काका? सांगाचं असन तं सांगा. मी हाये ना इथीच."

कार्यक्रम चारचा होता, म्हणजे सव्वापाचला सुरू झाला. आपल्याकडे सत्कारमूर्तीच्या सत्काराआधी ज्यांचे सत्कार करावे लागतात त्यांची यादी असते. सावरखेडीची यादी एकतीस जणांची होती. प्रत्येकाला हार, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाचा फोटो, आणि ज्याचं नाव राहिलं त्याचा रुसवा काढून परत फोटो. उकंडराव पहिल्या रांगेत बसून झोपले. मधेच जागे होऊन शेजाऱ्याला म्हणाले, "तुळश्या गेला काय?" "नाई हो, अजून सत्कार व्हायचा हाय." "मंग ठीक हाय," म्हणून ते परत झोपले.

डॉक्टर खुर्चीत सरळ बसून होते. पाय सुजले होते. मानपत्र वाचलं गेलं. त्यात अणूचं प्रखर तेज होतं, भारतमातेचा मुकुट होता, मातीचं ऋण होतं. पाणी हा शब्द एकदा आला, तो 'डोळ्यांत पाणी' असा. शाल पांघरली गेली. निवृत्तींनी ती हळूच, सावकाश पांघरली, फोटोवाला दोनदा म्हणाला म्हणून दोनदा.

मग डॉक्टरांना उत्तर द्यायला उभं केलं. उन्हं उतरली होती. माइक त्यांच्या उंचीला खाली करेपर्यंत मागच्या रांगा चपला शोधायला लागल्या.

"तुम्ही मला खूप दिलंत," डॉक्टर म्हणाले. "आता एक मागतो. हा रंगमंच फोडा."

टाळ्या पडल्या. केवढा मोठा माणूस आणि केवढा साधा, अशा टाळ्या.

डॉक्टर थांबले. टाळ्या संपल्यावर परत म्हणाले, "मी खरंच सांगतोय. याच्याखाली माझा पाइप आहे. चालू पाइप. त्यातल्या पाण्याचा नमुना आज घ्यायचा होता. तो बुजवला गेलाय."

व्यासपीठावर बसलेले पाणी खात्याचे साहेब तोवर मोबाइल पाहत होते. त्यांनी मान वर केली. "कोणता पाइप? प्रस्तावातला?"

निवृत्ती उठले आणि दुसरा माइक हातात घेतला. इथं त्यांच्याकडे दोन वाटा होत्या, आणि घाईत माणूस जवळची धरतो.

"साहेब, गैरसमज होऊन राह्यला. तो पाइप बारा-पंधरा वर्षांपासून मेलेला होता. कोरडाठाक. आदेशाप्रमाणे बुजवला, फोटो आहेत. डॉक्टरसाहेबांचं आता वय झालं, आठवणीत थोडं मागं-पुढं होतं. आपण समजून घेतलं पाहिजे."

सभेत कोणी हसलं नाही. पण दोन-चार जणांनी मान हलवली.

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. "कोरडा होता? मग आमच्याकडे या वर्षीच्या दहा नोंदी आल्यात त्या कुठल्या पाण्याच्या?"

आता हे फक्त एका पाइपाबद्दल राहिलं नाही. पाइप मेलेला असेल तर दहा नोंदी खोट्या. दहा खोट्या तर दोनशे सत्तावीसही खोट्या. आणि सात गावांचे बांध तर सोडाच. साहेब डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, तुम्ही स्वतः काढत होता पाणी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नसत आणि त्याचा त्यांना आयुष्यभर त्रासच झाला होता. "मी बाटली घेऊन जातो. डबा जनकाबाई ओढते. पाइपात पाणी किती होतं, कधी होतं, हे बघणारी तीच एक."

जनकाबाई चहाच्या पातेल्याशी उभी होती, हातात गाळणी. सगळ्या सभेनं मान वळवली. निवृत्तींनीही. ते फक्त पाहत होते. सकाळचं त्यांना परत सांगायची गरज नव्हती.

"बाई, पाइपात पाणी होतं का?" साहेबांनी विचारलं.

तिनं गाळणी ताटात ठेवली. घाई केली नाही.

"होतं."

"किती?"

"एक आक्टोबरले बावीस हातावर लागलं. सप्टेंबरात चोवीस हातावर होतं. मागच्या उन्हाळ्यात एकतीस हातावर गेलतं."

"कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहिलेलं नाई साहेब. दोर हाय ना माह्याजवळ."

तिनं भिंतीशी टेकवलेला दोर आणला. दोराला दर हातावर गाठ होती, आणि दर महिन्याला पाणी जिथं लागलं तिथं लुगड्याच्या काठाची एक बारीक चिंधी गुंफलेली. साहेबांनी दोर हातात घेतला, दोन-तीन गाठी मोजल्या. त्यांना त्यातलं सगळं कळलं असं नाही. पण इतकी वर्षं घालून असली गोष्ट कोणी खोटी करत नाही, एवढं त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

"निवृत्तीराव?" ते म्हणाले.

निवृत्तींनी एकदा दोराकडे पाहिलं. पण माणूस सरपंचकी केलेला. एका श्वासात त्यांनी दुसरी वाट धरली.

"मंग प्रश्नच मिटला!" ते माइकवर म्हणाले. "पाण्यापुढं रंगमंच काय चीज आहे? हा निवृत्ती टिकार उद्या सकाळी स्वतःच्या हातानं पहिला घण घालणार! बोला, डॉक्टर अवचारसाहेब की..."

"जय!" सभा म्हणाली. उकंडराव जागे झाले आणि त्यांनीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्तींनी पहिला घण खरंच घातला. फोटोवाला उशिरा आला म्हणून तोच परत एकदा घातला. पुढचे दोन दिवस गोपाल मिस्त्री फोडत होता. मग शेगावचा कॉम्प्रेसरवाला आला आणि त्यानं खडी वर फेकून पाइप मोकळा केला. पाच तारखेला डॉक्टर आले. संगमरवरी पाटी दोन तुकड्यांत भिंतीला टेकून होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्यांना जरा बरं वाटलं असावं.

"आज शंभर नाही चालायचे, जनका," ते म्हणाले. "वरून टाकलेलं सगळं पाणी निघून गेलं पाहिजे. मी सांगेन तोवर."

पहिले डबे दुधासारखे आले, सिमेंटचे. दीडशेला पाणी राखाडी. दोनशेला गढूळ. जनकाबाई डाव्या हातानं ओढत होती, उजव्या हातानं दोर नुसता धरत होती. अडीचशेनंतर डॉक्टर मधे मधे म्हणायचे, "थांब थोडं," आणि ती म्हणायची, "थांबली तं उठनार नाई मी." दर वीस डब्यांनी ते खारेपणा मोजायचं यंत्र पाण्यात बुडवायचे. आकडा स्थिर राहायला तयार नव्हता. शाळा सुरू झाली होती. पोरं मधल्या सुटीत बाहेर आली, खिचडीचा वास आला.

तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं.

"आज शाळा आहे ना? खिचडी कोण करतंय?"

"सोजरा."

"आजच्यापुरती?"

जनकाबाईनं डबा ओतला. "काका, कागद दिला त्याहीनं मले. 'वय व प्रकृती पाहता' असं लिहिलं हाय. छकुलीकडून वाचून घेतलं."

"प्रकृतीला काय झालंय तुझ्या?"

ती हसली. "हा खांदा. खिचडीचं पातेलं उचलवत नाई म्हनते. खोटं तं नाई लिहिलं काका."

डॉक्टर पायरीच्या उरलेल्या दगडावर बसले. "मी निवृत्तीरावांशी बोलतो. त्या साहेबांना फोन करतो."

"कायले? ते म्हनतीन, चौकशी करू. मंग चौकशीले मले बुलडाण्याले बोलावतीन. एसटीत बसून बसून मी मरीन." तिनं दोर सोडला. डबा खाली आपटल्याचा आवाज आला, खोल. "तुमाले त्या दिवशी सकाळीच ह्या यादीचं सांगतलं असतं तं तुमी सभेत बोलले असते काय?"

डॉक्टरांनी पिशवीतली बाटली काढून मांडीवर घेतली. खात्रीनं सांगता येत नव्हतं.

"म्हनूनच नाई सांगतलं," ती म्हणाली. "पाहा ना, आता तुमच्या यंत्रात काय येते."

तीनशे चाळिसाव्या डब्याला आकडा थांबला. बाटली काठोकाठ भरली, झाकण लागलं, पट्टी लागली. डॉक्टरांनी तारीख लिहिली: पाच. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर त्यांचं पेन जरा अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं: 'पाइप उघडण्यात आला.'

आता कोणी काय भरलं ते पाहू. निवृत्ती टिकारांनी एक रंगमंच घालवला, तोही संस्थेचा, आणि त्याबद्दल 'पाण्यासाठी स्वतः उभारलेला रंगमंच फोडणारा नेता' असं चार रकानी छापून आलं. तिकिटाच्या यादीत त्यांचं नाव वर गेलं. गोपाल मिस्त्रीला बांधायचे दिवस मिळाले आणि फोडायचेही. साहेबांनी आश्वासन दिलं, जे त्यांना फुकट पडतं. सात गावांनी अजून काही दिलेलं नाही. पाणी आलं तर तीच पिणार आहेत, आणि कोणाचं हे विचारणार नाहीत. डॉक्टरांनी एक दुपार दिली, दोन सुजलेले पाय दिले, आणि एक प्रश्न घेऊन पाचच्या एसटीनं खामगावला परत गेले. राहिली जनकाबाई. तिनं एकवीस वर्षांची खिचडीची जागा दिली, त्या दिवशीचे तीनशे चाळीस डबे दिले, आणि जाताना विचारून घेतलं की डिसेंबरची एक तारीख सोमवारीच येते ना.